"साधंच खातो" म्हणणाऱ्या माणसाशी कसं बोलावं

सांगली-मिरजेकडं कुणालाही विचारा, "जेवणाखाण्याचं कसं असतं?" उत्तर ठरलेलं. "काय असणार, आपलं साधंच. भाजी-भाकरी." सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या लेखी ते साधंच असतं. पण त्या 'साधंच'च्या पोटात सहा कप चहा असतो, चहात बुडवलेले बटर असतात, स्टँडवरचा वडा असतो, रात्री टीव्हीपुढं संपलेली भडंगाची पुडी असते. माणूस तासगावकडचा असला तर येता-जाता तोंडात टाकलेला घरचा बेदाणाही असतो. (बटर म्हणजे लोणी नव्हे, बेकरीतला कडक गोल बटर. पुण्या-मुंबईहून आलेल्या मुली इथं हमखास फसतात.)

नुकत्याच पास झालेल्या आहारतज्ज्ञ मुलंमुली, उपकेंद्रावरचे समुदाय आरोग्य अधिकारी, आशाताई, शुगर-बीपीच्या ओपीडीत बसणाऱ्या सिस्टर, अशा नव्यानं या कामात पडलेल्यांसाठी हे लिहिते आहे. कशात किती कॅलरी, किती प्रथिनं हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला ते येत होतं, तरी पहिली दोन वर्षं माझ्या बोलण्यानं कुणाच्या ताटात काही फरक पडला असेल असं वाटत नाही.

त्या काळातल्या जत तालुक्यातल्या एक मावशी अजून आठवतात. नव्यानं शुगर निघालेली. मी त्यांना छापील चार्ट दिला. सकाळी ओट्स, अकराला सफरचंद, संध्याकाळी ग्रीन टी. पाऊण तास समजावून सांगितलं, त्या मान डोलावत होत्या. तीन महिन्यांनी परत आल्या तेव्हा शुगर होती तिथून थोडी वरच गेलेली. "मावशी, चार्ट कुठाय?" "हाय की. देव्हाऱ्यात ठिवलाय, हळद-कुंकू लावून." त्यांना वाचता येत नव्हतं. घरची भाषा कन्नड, मराठी कळायची पण भरभर बोललेली नाही. हे मला माहीत नव्हतं, कारण पाऊण तासात मी त्यांना एकही प्रश्न विचारला नव्हता.

सुरुवात: खुर्ची, काटा आणि हाक

टेबलाच्या पलीकडं बसू नका. कोपऱ्याला कोपरा लावून बसा, म्हणजे दोघांनाही एका कागदाकडं बघता येतं. वजनाचा काटा रांगेपासून लांब ठेवा आणि आकडा मोठ्यानं वाचू नका. "ब्याऐंशी!" असं ओरडल्यावर बाकावरची सगळी माणसं वळून बघतात, आणि त्या बाई पुढच्या वेळी येत नाहीत.

हाक कशी मारायची हा आपल्याकडं छोटा प्रश्न नाही. पंचावन्न वर्षांच्या, अजून ट्रॅक्टर चालवणाऱ्या माणसाला "आजोबा" म्हटलं की तो तिथंच मिटतो. सरळ विचारा, "घरात तुम्हाला काय म्हणतात?" आबा, अण्णा, तात्या, नाना, जे सांगतील ते. बायकांना काकी, मावशी, वहिनी. "अहो-जाहो" सगळ्यांना, अगदी शेतमजूर पोरगा असला तरी. आणि 'पेशंट' हा शब्द त्यांच्यासमोर वापरायचा नाही.

सोबत कुणी आलं असेल तर आधी पाच मिनिटं माणसाशी एकट्याशी बोला. मग त्यालाच विचारा, "काकींना आत बोलवू का?" नवऱ्याच्या, सासूच्या किंवा मुलाच्या देखत खाण्याचं खरं कुणी सांगत नाही. दुभाष्या लागलाच तर नातवाला बसवण्यापेक्षा कन्नड येणाऱ्या सिस्टरला बोलवा.

आणखी एक शब्द मी हळूहळू टाकून दिला: पथ्य. आपल्या भाषेत पथ्य औषधाबरोबर सुरू होतं आणि औषधाबरोबर संपतं. काविळीचं पथ्य, बाळंतिणीचं पथ्य. ते पाळायचं असतं आणि एक दिवस सुटायचं असतं. शुगरवाल्या माणसाला तुम्ही 'पथ्य' म्हटलंत की तो मनात विचारतो, किती दिवस? 'डाएट' त्याहून वाईट, त्याचा गावातला अर्थ उपाशी राहणं. मी "खाण्यात थोडा बदल" म्हणते. बेचव वाटतं खरं, पण अडकत नाही.

काल उठल्यापासून

"रोज काय खाता?" असं विचारलं की माणूस आदर्श दिवस सांगतो. कालचं विचारा. चोवीस तासांचा आहार आठवून सांगायला लावणं ही आमच्या शास्त्रातली जुनी पद्धत आहे, पण ती फॉर्म भरल्यासारखी केली की काही हाती लागत नाही. तासगाव भागातल्या एका द्राक्षबागायतदार आबांशी झालेलं बोलणं देते.

"आबा, काल पहाटे डोळे उघडले तिथून सुरू करू. पोटात पहिलं काय गेलं?"

"चा."

"चहाबरोबर?"

"काय न्हाई. बटर तेवढं."

"किती?"

"दोन. कवा तीन."

"मग?"

"मग बागंत. फवारणी हुती."

"बागेत चहा येतो का?"

"किटली येती की. माणसं असत्यात, त्येंच्यासंगं घ्यायचा."

"काय न्हाई, बटर तेवढं." हे वाक्य नीट ऐका. 'काय न्हाई' आधी येतं आणि पदार्थ मागून. आपल्या माणसाच्या लेखी जेवण म्हणजे ताट वाढून, मांडी घालून केलेलं. उभ्यानं, चालताना, गप्पा मारताना पोटात गेलेलं हिशेबात नसतं. म्हणून वेळेप्रमाणं एक फेरी झाली की दुसरी फेरी जागेप्रमाणं घ्या: घरात, बागेत, स्टँडवर, सोसायटीत बसल्यावर, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर. दुसऱ्या फेरीत आबांचे दोन चहा सहा झाले. बेदाणा तिसऱ्या फेरीत निघाला. घरचंच शेड, निवडताना मूठभर तोंडात जातो. १०० ग्रॅम बेदाण्यात ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते. एक मूठ म्हणजे ३० ग्रॅम धरली तर चार चमचे साखर झाली. हा हिशेब तेव्हा मनातच ठेवा. इतक्यात सांगायचा नाही.

प्रमाणासाठी टेबलावर खरी भांडी ठेवा. एक वाटी, एक पळी, फुलपात्र, चहाचा कप. "तुमची वाटी हिच्यापेक्षा मोठी का लहान?" भाकरी किती याला अर्थ नाही. एकीची भाकरी पापडासारखी असते, दुसरीची तव्याएवढी जाड. एका भाकरीला किती वाट्या पीठ घेता ते विचारा. शेवटी विचारा, काल बाजार होता का, उपवास होता का, पाहुणे होते का. असतील तर आणखी एका साध्या दिवसाचं घ्या.

तेला-मिठाला मी कालचा दिवस विचारतच नाही, महिना विचारते. घरातल्या बाईला किराण्याची यादी तोंडपाठ असते. चार मोठी माणसं आणि महिन्याला पाच लिटरचा डबा. माणशी रोज साधारण ४२ मिलि, म्हणजे आठ चमचे. मिठाचा किलोचा पुडा महिन्यात संपत असेल तर माणशी रोज आठ ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा म्हणते. हा भागाकार तुम्ही करू नका, त्यांना करायला लावा. मोबाइलवर सून आकडे दाबते, सासू बघते आणि दोघी एकमेकींकडं बघतात. तुम्हाला बोलायची गरज उरत नाही.

हे सगळं चालू असताना तुमचा चेहरा हलता कामा नये. वडापाव, दारू, रात्री अकराला खाल्लेला मटण-रस्सा, काहीही ऐकलं तरी. एकदा तोंडातून "अगं बाई!" निघालं की पुढचं सगळं साधंच होऊन जातं.

ऐकलंय हे त्यांना कळू द्या

आबा पुढं म्हणाले, "डाक्टर म्हणत्यात साखर बंद करा. आता बिनसाखरंचा चा कसा प्यायचा? त्याला काय चव?"

इथं प्रत्येक नवखी मुलगी म्हणते, "सवय होते हो, महिन्याभरात जमतं." मीही म्हणायचे. त्यावर समोरचा काय करतो? का जमणार नाही याची कारणं देतो. आपण आणखी समजावतो, तो आणखी कारणं देतो. अर्ध्या तासात त्यानं स्वतःलाच दहा वेळा पटवलेलं असतं की हे आपल्याच्यानं होणार नाही.

त्याऐवजी त्याचं म्हणणं आपल्या शब्दांत त्याला परत द्या. मी म्हटलं, "साखर नसली की चहा प्यायल्यासारखंच वाटत नाही."

आबा थोडं थांबले. मग म्हणाले, "चवीचं काय न्हाई ओ. बागंत समदी एकाच किटलीतला पित्यात. मी येगळा कप घेतला की म्हणणार, म्हातारा आजारी पडलाय."

आता खरा प्रश्न टेबलावर आला. चव ही वरवरची गोष्ट होती. मजुरांपुढं आजारी दिसायचं नव्हतं. चवीवर मी दोन तास बोलले असते तरी इथं पोचले नसते.

याची एक बारीक कला आहे. वाक्याच्या शेवटी आवाज वर गेला तर तो प्रश्न होतो, "चहा प्यायल्यासारखं वाटत नाही?", आणि माणूस नुसतं 'व्हय' म्हणून गप्प होतो. आवाज खाली उतरू द्या. मग थांबा. मनात पाचपर्यंत मोजा. ती पाच मापं सुरुवातीला फार लांब वाटतात. मी पदराखाली बोटं मोडत मोजायचे.

या सगळ्याला शास्त्राचा आधार आहे. दारूच्या व्यसनावर काम करताना विल्यम मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९८३ साली ही पद्धत पहिल्यांदा मांडली, तिला 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' म्हणतात. नंतर स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. माणसाच्या मनात बदलायचंही असतं आणि नकोही असतं. तुम्ही बदलाची बाजू घेतलीत की दुसरी बाजू घेणं त्याला भाग पडतं, असं त्यांचं निरीक्षण. आपल्या आतून उसळून येणाऱ्या "मी सांगते ना काय करायचं" या ऊर्मीला आवरणं हा त्यातला सगळ्यात अवघड भाग आहे, विशेषतः आपल्यासारख्या, सल्ला द्यायला जन्मलेल्या लोकांना.

'बघतो' म्हणजे काय

ही पद्धत परदेशात बसली, पण आपली माणसं नकार कसा देतात ते इथंच शिकावं लागतं. माझ्या वहीत मागच्या पानावर एक यादी आहे.

"बघतो" म्हणजे नाही, पण तुमचा मान राखून. "करतो की!" हे जितकं चटकन येईल तितकं कच्चं, माणसाला एस.टी. गाठायची असते. "तुम्ही म्हणाल तसं" याचा अर्थ, जमलं नाही तर दोष तुमचा. "घरात सांगा" हे मात्र खरं समजायचं, चूल त्याच्या हातात नाही एवढंच तो सांगतोय. "आधीच कमी केलंय" ऐकलं की शंका घेऊ नका. "कितीवरून कितीवर आणलं? कसं जमवलं?" असं विचारा. खरं असेल तर त्याचा ऊर भरून येतो, खरं नसेल तर तोच हसून आकडा दुरुस्त करतो.

"नातीच्या लग्नापर्यंत तरी पाय धड राहिले पाहिजेत," असलं काही कानावर आलं की हातातलं पेन खाली ठेवा. बदलाचं बोलणं ते हेच. तिथून पुढं जाऊ नका. "लग्न कधी आहे? त्या दिवशी काय काय करायचंय?" असं त्यातच राहा.

आणि 'पण'कडं लक्ष द्या. "कमी करायला पाहिजे, पण जमत न्हाई" आणि "जमत न्हाई, पण कमी करायला पाहिजे", शब्द तेच, माणूस मात्र दोन वेगळ्या जागी उभा आहे. बोलण्याचा गोषवारा सांगताना 'पण'च्या नंतर नेहमी बदलाची बाजू ठेवा. "बागेत वेगळा कप घेणं अवघड वाटतं, पण पायाची आग होते ती थांबावी असंही वाटतंय." एवढ्यानंही फरक पडतो.

प्रोचास्का आणि डिक्लेमेंटी यांनी सिगरेट सोडणाऱ्यांचा अभ्यास करून बदलाच्या पायऱ्या सांगितल्या: मनातच नाही, मनात आहे, तयारी, कृती, टिकवणं. परीक्षेला त्या पाठ केल्या असतीलच. कामाला एवढंच लागतं: ज्याच्या मनातच नाही त्याला आठवड्याचा तक्ता देऊ नका. त्याला फक्त "पुन्हा कधी या बाजूला आलात तर या" म्हणा आणि दार उघडं ठेवा.

किती आणे?

जमेल याची खात्री दहापैकी किती, असं विचारायची पद्धत आहे. शिकलेल्या पोरांना ते चालतं. जुन्या माणसांना मी आण्यांत विचारते.

"रुपयातले किती आणे वाटतं, जमेल?"

"सा आणे."

आता "एवढे कमी का?" विचारलंत की संपलं, तो उरलेल्या दहा आण्यांची कारणं सांगणार. विचारायचं उलटं. "दोनच आणे का नाही म्हणालात? सहा कशाच्या जोरावर?" आबा म्हणाले, "तंबाखू सोडली की चार वर्सामागं. ती सुटली तर ह्ये काय." हे त्यांच्या तोंडून आलं. मी सांगितलं असतं तर भाषण झालं असतं. मग पुढचा प्रश्न, "सहाचे आठ व्हायला काय लागेल?"

गरज किती आणि खात्री किती हे दोन्ही वेगळं विचारा. बारा आणे गरज आणि तीन आणे खात्री असलेल्या माणसाला धाक दाखवून उपयोग नाही, त्याला मार्ग सापडत नाहीये. उलट असेल तर मार्ग दाखवून उपयोग नाही.

माहिती द्यायचीच असते तेव्हा

सल्ला देऊच नका असं मी म्हणत नाही. आधी त्यांना काय माहीत आहे ते विचारा, मग परवानगी घेऊन एकच गोष्ट सांगा, मग त्यांना काय वाटलं ते विचारा.

उसाच्या मुलखात गुळाचा विषय निघतोच. "गुळाबद्दल काय ऐकलंय आबा?" "गूळ चालतो म्हणत्यात. औषध हाय." "त्यात मला थोडं माहीत आहे, सांगू का?" "सांगा की." गुळात थोडं लोह, थोडी खनिजं असतात, पण त्याचा बहुतेक भाग साखरच. रक्तातली शुगर वाढवायला दोघं भाऊ-भाऊच. बस, इथं थांबायचं. "हे ऐकून काय वाटतं?" "म्हंजी आमची गुऱ्हाळं बंदच करायची का?" असं म्हणून ते हसले, मीही हसले. थट्टा आली म्हणजे गोष्ट पोटात गेली.

"कळलं का?" हा प्रश्न विचारूच नका. त्याला 'हो' सोडून उत्तर नाही. "मी नीट सांगितलं का ते बघायचंय, घरी गेल्यावर काकींना काय सांगाल?" असं विचारा. जे परत येईल तेवढंच पोचलं.

चुलीपर्यंत जायचं कसं

आमच्याकडं चहाची साखर आधणाच्या पाण्यातच पडते. पाणी, साखर, पावडर, मग दूध. आबांना "साखर घालू नका" म्हणणाऱ्याला हे माहीत नसतं की साखर घालणारा हात त्यांचा नाही, आणि त्यांच्या कपापुरती ती वेगळी काढताही येत नाही. साखर शेवटी टाकायची ठरवली तर त्यांचा कप आधी ओतून घेता येतो. हा बदल सुनेच्या हातचा. तिला विचारायचं होतं, बजावायचं नव्हतं. आबांच्या परवानगीनं फोनवर बोलले. ती म्हणाली, "घरातला जमेल, पण बागेच्या किटलीचं बघा, तिथं मी नसते."

बागेचा तोडगा आबांनीच काढला. "पयली खेप चा घेतो. दुसऱ्या खेपंला मी ताक मागतो. ताक मागितलं तर कोण आजारी म्हणत न्हाई." मला हे शंभर वर्षांत सुचलं नसतं. मी फक्त ताकात मीठ बेताचं, एवढं जोडलं, कारण बीपीही होतं.

ठरवताना एकच बदल घ्या, आणि तो कधी, कुठं, कुणाच्या हातून हे बोलून घ्या. एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक सांगणं म्हणजे सुनेला शिक्षा. आठ दिवस ती करते, नवव्या दिवशी कंटाळते आणि तिचं काही चुकत नाही. सगळ्यांनाच चालेल असं शोधा. कोरड्यास (भाकरीबरोबरचं कालवण) तेवढंच, पळीभर तेल कमी. उसळ आठवड्यातून दोनदाऐवजी चारदा. भाकरी काढून घेऊ नका, तिच्याबरोबर काय आणि किती ते बघा.

जेव्हा समोर बसलेली बाईच घरची स्वयंपाकीण असते, तेव्हा प्रश्न वेगळा. तिला विचारा, "तुम्ही जेवता कधी?" सगळ्यांचं झाल्यावर. तोवर मेथीची भाजी संपलेली, उसळीचा नुसता रस्सा उरलेला आणि भाकऱ्या मात्र दोन शिल्लक. टाकवत नाहीत म्हणून त्याही खायच्या. हिमोग्लोबिन सात-आठ असलेल्या बायकांना पालेभाजी खा, कडधान्य खा असं दहा वेळा सांगितलेलं असतं. त्यांना ते माहीत असतं, घरात शिजवतातही त्याच. एका वहिनींशी बोलता बोलता ठरलं की वाढायला घेण्याआधी स्वतःची एक वाटी उसळ झाकून बाजूला ठेवायची. त्या लाजल्या. "सासूबाई काय म्हणतील?" मग आम्ही सासूबाईंनाच आत बोलावलं. त्या म्हणाल्या, "आगं, ठेव की. आमाला कोण म्हणालंच न्हाई तवा." जेवणानंतर लगेच चहा नको, लोह अंगी लागत नाही, हे दुसऱ्या भेटीत सांगितलं. पहिल्या भेटीत वाटी पुरे होती.

आग्रह, यात्रा, उपवास

आपल्याकडं ताटावरून 'नको' म्हणणं म्हणजे घराचा अपमान. त्यामुळं नुसतं "लग्नात जपून खा" सांगून भागत नाही, शब्द द्यावे लागतात आणि ते मोठ्यानं म्हणून घ्यावे लागतात. "डॉक्टरांनी सांगितलंय" म्हटलं की "एका दिसानं काय हुतंय!" हे आलंच. त्यापेक्षा "वाढा, पण अर्धी वाटी, चव घेतो" चांगलं चालतं. ताट रिकामं दिसलं की वाढणारा वाकतोच, म्हणून सावकाश जेवायचं आणि ताटात काहीतरी ठेवायचं. मी वाढपी होते, समोरचा पाहुणा. दोन वेळा हसत-खेळत केलं की जमतं.

गावच्या यात्रेचं मटण बंद करायला सांगू नका. आधी ठरवा: रस्सा किती, भाकरी किती, दुसऱ्या दिवशी काय. उपवासाचं मात्र नीट बोला. साबुदाणा म्हणजे जवळजवळ सगळा स्टार्च. 'उपवास आहे, काही खाल्लं नाही' म्हणणाऱ्याची शुगर त्या दिवशी वर गेलेली असते. आणि गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं खरोखरच काही खाल्लं नाही तर ती खाली जाते. आषाढी, श्रावण, नवरात्र यांच्या आधी औषधाचं डॉक्टरांशी बोलून घ्यायला सांगा.

आपलं काम कुठं संपतं

औषधाचा डोस आपण बदलायचा नाही, बदलायला सुचवायचाही नाही. घाम, थरथर, भ्रमिष्टासारखं बोलणं ही शुगर उतरल्याची खूण. शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही न घालता दवाखाना. बीपीसाठी 'कमी सोडियमचं मीठ' सुचवण्याआधी मूत्रपिंडाचं विचारा. त्यात बहुधा पोटॅशियम असतं आणि मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते घातक ठरू शकतं. गरोदरपण, वजन न भरणारं मूल, कारण नसताना उतरणारं वजन, खाऊन मुद्दाम उलटी काढणं, हे सगळं डॉक्टरांकडं. "जगून काय करायचं" असं कुणी म्हणालं तर आहाराचा कागद बाजूला ठेवा, नीट ऐका, त्याला एकटं सोडू नका, डॉक्टरांशी जोडून द्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही द्या.

आणि घरात डाळच नसेल तर समुपदेशनाचा प्रश्नच नाही. रेशनकार्ड चालू आहे का, अंगणवाडीत नाव आहे का, ते आधी बघा.

पुढची भेट

पंधरा दिवसांनी बोलवा, नाही जमलं तर फोन करा. एचबीए१सी ही रक्ततपासणी शुगरची साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते. तोवर हुरूप टिकत नाही, म्हणून लहान खुणा बघायच्या. "पथ्य पाळलं का?" याचं उत्तर कायम 'व्हय'. मी आबांना विचारलं, "दुसऱ्या खेपेच्या ताकाचं काय झालं?"

"चार दिस झालं, समदं बंद पडलं बघा. फळछाटणीला माणसं वाढली, ताक पुरंना."

"चार दिवस. म्हणजे त्याआधी दहा दिवस जमलं होतं."

आबांनी बोटं मोजली. "अकरा."

मग त्या अकरा दिवसांचंच बोललो. ताक कोण आणायचं, कशात आणायचं, मजुरांनी काय म्हटलं. एकानं स्वतःसाठीही मागितलं होतं, म्हणूनच पुरलं नव्हतं. सुनेनं आता मोठी बरणी घ्यायची आणि ताक पातळ करायचं असं त्यांनीच ठरवलं. खात्री विचारली. नऊ आणे म्हणाले.

भेट झाली की त्याच दिवशी वहीत नोंद करा, त्यांच्याच शब्दांत, नाहीतर पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा पहिल्यापासून सुरू करता. आबांच्या पानावर त्या दिवशी एवढंच लिहिलं आहे: "ताक – दुसरी खेप, ११ दिवस. मोठी बरणी. पायाची आग रात्री कमी म्हणतात. बेदाण्याचा विषय स्वतः काढला, मी काही बोलले नाही. बटर – 'त्येचं नाव काढू नका.'"